वेल्डरचे डोळे आणि आपोआप काळी होणारी काच

वेल्डिंगची लाईट डोळ्याला लागते तेव्हा त्या क्षणी फारसं काही जाणवत नाही, आणि तिचा सगळा घात याच गोष्टीत आहे. गेटची बिजागरी टॅक करताना काळी स्क्रीन बाजूला ठेवून दोनचार वेळा उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला, तरी माणूस काम संपवून घरी जातो, जेवतो, झोपतो. मध्यरात्रीनंतर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपायला लागतं. पाणी थांबत नाही, पापण्या उघडत नाहीत, खोलीतला साधा दिवाही सोसवत नाही. तोवर दुपारचं काम विसरलेलंही असतं.

हा उशीर का होतो ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आर्कमधून दिसणाऱ्या उजेडाबरोबर अतिनील आणि अवरक्त असे दोन प्रकारचे न दिसणारे किरण निघतात. सूर्याच्या अतिनील किरणांतला सगळ्यात जहाल भाग वातावरणातला ओझोन अडवतो, जमिनीवर येऊ देत नाही. वेल्डिंगचा आर्क मात्र तो भाग हातभर अंतरावर तयार करतो. बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, वरचा पेशींचा पातळ थर हे किरण शोषून घेतो. पेशी लगेच मरत नाहीत. काही तासांनी त्या सुटायला लागतात आणि खालची मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. म्हणून दुखणं साधारण सहा ते बारा तासांनी येतं. वैद्यकात याला फोटोकेरॅटायटिस म्हणतात, आणि बर्फाळ डोंगरात गॉगल न लावता हिंडणाऱ्यांना होतो तो हाच आजार. वरचा थर पुन्हा वाढतो आणि बहुधा एक ते तीन दिवसांत डोळा बरा होतो.

बरा होतो म्हणूनच लोक तो मनावर घेत नाहीत. घरात कुणी बटाट्याच्या चकत्या बांधतं, कुणी दुधाचे थेंब घालतं. मिटलेल्या पापणीवर गार काही ठेवलं तर आराम वाटतो, तेवढं ठीक आहे. पण पटल उघडं पडलेल्या डोळ्यात दूध घालणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं आहे. त्याहून वाईट सवय म्हणजे डोळा बधिर करणारे थेंब कुठून तरी मिळवून पुन्हापुन्हा घालणं. दुखणं तत्काळ थांबतं, पण त्या थेंबांनी पटल भरून येण्याचं काम अडतं आणि पुढे व्रण होऊ शकतो. हे थेंब डॉक्टरांनी तपासणीपुरते वापरायचे असतात. रात्री डोळे असे दुखले तर सकाळी नेत्रतज्ज्ञाकडे जावं. शिवाय तिथे पटलात लोखंडाचा कण रुतलेला नाही ना, हेही कळतं. लाईट लागलेल्या आणि कण गेलेल्या डोळ्याची तक्रार सारखीच असते.

न दुखणारं नुकसान याहून गंभीर. पटलातून पार होणारे लांब लहरींचे अतिनील किरण आतल्या भिंगात शोषले जातात. अवरक्त किरणांची उष्णताही भिंगापर्यंत पोहोचते. वर्षानुवर्षांच्या अशा माऱ्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो. भट्टीपुढे काम करणाऱ्या काचकामगारांना होणाऱ्या मोतीबिंदूवर उपाय म्हणून इंग्लंडमध्ये विल्यम क्रुक्स यांनी उष्णता आणि अतिनील किरण अडवणाऱ्या काचा शोधून १९१३ साली आपलं काम रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. प्रश्न इतका जुना आहे. तिसरा मार दिसणाऱ्या उजेडाचाच, विशेषतः निळ्या भागाचा. तो थेट मागच्या पडद्यावर केंद्रित होतो, आणि बरोबर मध्यभागी डाग पडला तर समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही. पडद्याला वेदना होत नाहीत, त्यामुळे रात्री जाग आणणारा इशारा इथे मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधले अतिनील किरण, दोन्ही माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले. अतिनील किरणांच्या बाबतीत तो कर्करोग डोळ्याच्या आतल्या भागाचा आहे.

एवढं सगळं असताना वेल्डर स्क्रीन का वापरत नाही? आळस, अज्ञान असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये तासभर उभं राहून बघा, खरं कारण कळेल. हातात धरायच्या काळ्या स्क्रीनमध्ये एक हात अडकतो आणि अँगल धरायला हात उरत नाही. डोक्यावरच्या जुन्या हेल्मेटची काच कायम काळी, त्यामुळे आर्क पेटेपर्यंत आत अंधार. रॉडचं टोक सांध्यावर नेमकं टेकवायचं, मग मान झटकून हेल्मेट खाली पाडायचं, तेवढ्यात टोक अर्धा इंच सरकतं आणि टाका भलत्या जागी पडतो. दिवसात शेकडो टॅक मारणारा माणूस यावर आपला उपाय काढतो. डोळे मिटतो किंवा मान वळवतो आणि अंदाजाने टाका मारतो. पण डोळे मिटण्याची क्रिया सेकंदाच्या दहाव्या भागाहून सहसा जलद होत नाही, आणि वेल्डर डोळे कधी मिटतो, कधी उशिरा मिटतो.

दुसरी पळवाट काळ्या गॉगलची. साध्या गॉगलमागे उजेड कमी झाल्यामुळे बाहुली मोठी होते आणि आर्ककडे जास्त वेळ बघवतं, एवढाच त्याचा परिणाम. गॅस कटिंगचा गॉगल त्याहून बरा वाटतो, पण तो साधारण ५ शेडचा असतो (शेडचा आकडा जितका मोठा तितकी काच गडद). १० शेडच्या काचेच्या तुलनेत तो सुमारे १३९ पट जास्त उजेड आत सोडतो.

आपोआप काळ्या होणाऱ्या हेल्मेटचा खरा गुण इथे दिसतो. आर्क पेटण्याआधी सांधा दिसतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि हेल्मेट वर करण्याचं कारणच उरत नाही. डोळ्याला लाईट लागते ती बहुतेक वेळा हेल्मेट वर असताना, म्हणून जे हेल्मेट दिवसभर खालीच राहतं ते डोळे वाचवतं. निवड करताना आणि जुळवणी करताना माझ्या मते हीच एक कसोटी धरावी: या हेल्मेटमुळे मला ते वर करावंसं वाटेल का? वाटत असेल तर काहीतरी चुकलंय. स्वीडनमधल्या ऑके हॉर्नेल यांनी आपोआप काळ्या होणाऱ्या काचेची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १९८१ साली स्पीडग्लास नावाने असा फिल्टर बाजारात आला.

आत काय चालतं? त्या काचेत खरं तर अनेक थर एकावर एक बसवलेले असतात. सगळ्यात पुढे धातूंच्या आणि ऑक्साइडांच्या अतिसूक्ष्म थरांचा एक आरसा असतो. तो अतिनील आणि अवरक्त किरण परतवतो किंवा अडवतो आणि दिसणारा उजेड आत सोडतो. त्यामागे ध्रुवक पत्रे आणि त्यांच्या मध्ये द्रवस्फटिकाचे कप्पे. ध्रुवक पत्रा एकाच दिशेने थरथरणारा उजेड पुढे जाऊ देतो. दोन पत्रे काटकोनात ठेवले तर उजेड अडतो. पण मधल्या द्रवस्फटिकाचे रेणू पिळलेल्या रचनेत असतात आणि उजेडाची दिशा काटकोनात फिरवून त्याला दुसऱ्या पत्र्यातून सुटू देतात. कप्प्याला व्होल्टेज दिलं की पीळ सुटतो, दिशा फिरत नाही आणि काच काळी पडते. मनगटी घड्याळाच्या आणि कॅल्क्युलेटरच्या पडद्यात हेच तंत्र वापरलं जातं. स्वित्झर्लंडमध्ये १९७०-७१ च्या सुमारास मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी ते उभं केलं होतं. हेल्मेटच्या पुढच्या बाजूच्या बारीक सेन्सरांना आर्कचा उजेड दिसला की सर्किट हे व्होल्टेज देतं.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते, जी दुकानदारही क्वचित सांगतात. अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा आरसा विजेवर चालत नाही, तो कायम असतो. काच उजळ असो वा काळी, बॅटरी असो वा नसो, चांगल्या फिल्टरमध्ये हे संरक्षण त्याच्या सगळ्यात गडद शेडइतकंच मिळत राहतं. काळोख येतो तो दिसणारा उजेड सोसवावा आणि वितळता धातू नीट दिसावा म्हणून. त्यामुळे एखाद्या वेळी काच काळी व्हायला चुकली आणि डोळे दिपले, तर घाबरून जायचं कारण नाही. मात्र त्याच काचेतून बघत काम पुढे रेटायचंही नाही, कारण निळा उजेड पडद्यावर पोहोचतच असतो. हे सगळं खऱ्या, तपासलेल्या फिल्टरबद्दल आहे. नाव-गाव नसलेल्या काचेत तो आरसा आहे की नाही हे डोळ्यांना कळायला काही मार्ग नाही. ती काळी तर तितकीच होते.

म्हणून खरेदीची सुरुवात काचेवरच्या खुणेपासून करावी. युरोपीय ईएन ३७९ मानकाच्या फिल्टरवर ४/९-१३ अशी काहीतरी नोंद असते. उजळ स्थितीत ४ शेड, काळ्या स्थितीत ९ ते १३, असा तिचा अर्थ. त्यापुढे १/१/१/२ असे चार आकडे येतात. पहिला आकडा काचेतून सरळ रेषा सरळ दिसते की वाकते ते सांगतो, दुसरा धूसरपणा, तिसरा सगळीकडे शेड सारखी आहे का, आणि चौथा तिरपं पाहिल्यावर शेड किती बदलते. १ सर्वोत्तम, ३ सगळ्यात खालचा. पाइपवर किंवा कोपऱ्यात मान वाकडी करून काम करणाऱ्याने चौथा आकडा जरूर बघावा. द्रवस्फटिकाच्या काचेतून तिरपं पाहिलं तर एका कडेला उजळ, दुसऱ्या कडेला गडद असं दिसतं, आणि दिवसभर त्यातून बघून डोकं धरतं. २०२१ पासून आयएसओ १६३२१ ही नवी मालिका आली असून नव्या मालावर तो क्रमांक दिसू शकतो. अमेरिकी मालावर एएनएसआय झेड ८७.१ असतो. आपल्याकडे वेल्डिंगच्या डोळे व चेहरा संरक्षणासाठी आयएस ११७९ हे १९६७ चं मानक आहे. नुसती सीई ही दोन अक्षरं छापायला कुणालाही येतात. मानकाचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव आणि शेडचे आकडे फिल्टरवर नसतील तर ते हेल्मेट घेऊ नये, मग त्यावर कितीही झकास ज्वाळा रंगवलेल्या असोत.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो काळं होण्याचा वेग: सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग. आकडा भारी वाटतो, पण त्याचा हिशेब करून पाहू. दिवसात हजार वेळा आर्क पेटवला, तर हजार वेळचा मिळून उजळ काचेतून आत आलेला उजेड सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा भरतो. वेग सेकंदाचा हजारावा भाग इतका मंद असेल, तर तेच एक पूर्ण सेकंद होतं, आणि संध्याकाळी डोळे थकल्याचं तो वेल्डर सांगेल. म्हणजे वेगाला अर्थ आहे, पण पंचवीस हजारावा आणि तीस हजारावा यांतला फरक अंगावर येत नाही. सेन्सर किती आहेत हे त्याहून महत्त्वाचं. दोन सेन्सरवाल्या हेल्मेटमध्ये आपलाच हात किंवा पाइप मध्ये आला की सेन्सर झाकला जातो आणि चालू वेल्डिंगमध्ये काच लखकन उजळते. चार सेन्सर असले तर असं घडायची शक्यता कमी होते. ग्रिल आणि शेडच्या सरळ कामाला दोन पुरतात. टिग आणि पाइपच्या कामाला चार घ्यावेत. टिग करणाऱ्याने किती कमी अँपिअरवर फिल्टर आर्क ओळखतो हे पत्रकात वाचूनच पैसे द्यावेत, कारण तो आर्क मंद आणि स्थिर असतो.

हजार-बाराशे रुपयांपासून वीस-पंचवीस हजारांच्या पुढपर्यंत किमती आहेत. माझा कल असा: नामांकित कंपनीचं साधं मॉडेल हे अनोळखी कंपनीच्या सगळ्या सोयी असलेल्या मॉडेलपेक्षा चांगलं. त्या कंपनीच्या बाहेरच्या संरक्षक काचा आपल्या गावात मिळतात का, हे आधी विचारावं. बॅटरी बदलता येते की आत सील केलेली आहे, हेही. सील केलेली बॅटरी संपली की अख्खा फिल्टर टाकावा लागतो, आणि टाकायच्या आधी लोक तो तसाच बरेच दिवस वापरतात. हल्ली चष्म्याच्या आकाराचे आपोआप काळे होणारे गॉगलही स्वस्तात मिळतात. त्यांत बाजूने लाईट येते आणि गाल, कपाळ, मान उघडे राहून भाजतात. ते घेऊ नयेत.

आता शेडचे आकडे. शेडचा एक आकडा वाढला की आत येणारा उजेड सुमारे २.७ पट कमी होतो. ४ शेडमधून पाच टक्के उजेड येतो, १० मधून सात हजारांत एक भाग, ११ मधून एकोणीस हजारांत एक आणि १३ मधून जवळपास एक लाख एकोणचाळीस हजारांत एक. म्हणून १० वरून १३ वर जाणं वाटतं तितकं छोटं पाऊल नाही, उजेड एकोणीस पट घटतो. शेड ठरते ती करंटवरून. रॉडच्या वेल्डिंगला ६० ते १६० अँपिअरमध्ये निदान ८ लागते आणि सोयीची १०. १६० ते २५० मध्ये निदान १०, सोयीची १२. त्यापुढे ५५० पर्यंत निदान ११ आणि सोयीची १४. सीओटू-मिगमध्ये ६० ते १६० ला निदान १०, सोयीची ११. टिगमध्ये ५० अँपिअरच्या आत निदान ८ आणि सोयीची १०, ५० ते १५० ला १२ पर्यंत. ॲल्युमिनियमवर अर्गॉन वायूत धूर कमी असतो आणि आर्कचे किरण मोकळे सुटतात, तिथे एक आकडा वरच ठेवावा.

शेड लावायची रीत मात्र बरेच जण उलटी करतात. आधी उजळ लावतात आणि डोळे दिपले तर वाढवतात. सुरुवात नेहमी गडद बाजूने करावी. आर्क पेटवून बघावं. वितळलेला धातू, त्याच्या कडा, सांध्याची रेष दिसत नसेल तर एकेक आकडा खाली यावं, पण त्या करंटसाठीच्या किमान आकड्याखाली जाऊ नये. आर्ककडे न बघता वितळलेल्या धातूकडे बघता आलं की शेड बरोबर लागली. काम सोडल्यावर डोळ्यांपुढे ठिपका तरंगत राहत असेल तर शेड उजळ आहे. मान पुढे काढून जॉबवर नाक टेकवावंसं वाटत असेल तर गडद आहे. हा दुसरा दोष लोकांच्या लक्षात येत नाही. डोळ्याला जपायचं म्हणून १३ लावून बसतात, चेहरा जॉबच्या जवळ नेतात आणि सगळा धूर नाकात घेतात. हेल्मेट धूर अडवत नाही.

दुसरा नॉब सेन्सिटिव्हिटीचा. सेन्सरने किती कमी उजेडाला प्रतिसाद द्यावा हे तो ठरवतो. एकट्याने, आडोशात, कमी अँपिअरवर काम असेल तर वर ठेवा. शेजारी दुसरे दोघे वेल्डिंग करत असतील तर त्यांच्या आर्कने आपली काच काळी होत राहते आणि माणूस कंटाळून हेल्मेट वर करतो. तेव्हा थोडी कमी करा. उन्हात, छपराच्या पत्र्यावर काम असेल तेव्हाही कमी करावी लागते, पण मग प्रत्येक वेळी आर्क पेटल्यावर काच नक्की काळी होते ना हे बघावं. आधी पूर्ण वर न्या, काच विनाकारण काळी होत असेल तर ती उजळेपर्यंतच खाली आणा. गरजेपेक्षा खाली ठेवलेला हा नॉब टिगच्या आर्कला काच लखलखवतो.

डिले म्हणजे आर्क विझल्यावर काच किती वेळाने उजळावी. बहुतेक हेल्मेटमध्ये तो सेकंदाच्या दहाव्या भागापासून एक सेकंदापर्यंत असतो. मोठ्या करंटला वितळलेला धातू आर्क विझल्यावरही लालपांढरा तळपत असतो, तिथे जास्त ठेवा. भराभर टॅक मारायचे असतील तर कमी, नाहीतर पुढचा सांधा दिसायची वाट बघत हात थांबतो. पल्स टिगमध्ये करंट वरखाली होतो, तेव्हा कमी डिले ठेवला तर मधल्या मधे काच उजळू शकते.

सगळ्यात जपायचं ते ग्राइंड मोडला. ग्राइंडरने वेल्ड घासताना ठिणग्यांनी काच काळी होऊ नये म्हणून या मोडमध्ये ती ३ किंवा ४ शेडवर अडकवून ठेवतात. घासून झालं, होल्डर उचलला आणि मोड परत फिरवायला विसरला, की आर्क पेटतो आणि काच उजळच राहते. अतिनील किरण तेव्हाही अडतात, पण डोळे पार दिपून जातात. बाहेर मोठं बटण किंवा ग्राइंड मोड चालू असताना लुकलुकणारा दिवा असलेलं हेल्मेट यासाठीच पसंत करावं. आणि ग्राइंडिंग होणार असेल तिथे हेल्मेटच्या आत पारदर्शक सेफ्टी चष्मा घालावाच. स्लॅग ठोकताना हेल्मेट वर असतं, आणि डोळ्यात जाणारी कपची तेव्हाच उडते.

डोक्याची पट्टी बसवायला पाच मिनिटं द्या. मागचा फिरवायचा नॉब कपाळ न आवळता हेल्मेट धरून ठेवेल इतका. वरची पट्टी अशी, की वजन डोक्याच्या माथ्यावर येईल आणि नाकावर येणार नाही. बाजूचे स्क्रू इतके घट्ट, की मान हलवल्याने हेल्मेट आपोआप पडणार नाही पण हाताने सहज खाली येईल. काच दोन्ही डोळ्यांपासून सारख्या अंतरावर आणि नजरेच्या रेषेला सरळ हवी. एक बाजू पुढे गेली तर शेड असमान दिसते आणि वेल्डर काचेला दोष देतो. हनुवटी खाली वाकवल्यावर हेल्मेट छातीला लागून वर उचललं जातंय का, हेही बघा. तसं होत असेल तर खालच्या फटीतून आर्क थेट गळ्यावर पडतो. मागे चकचकीत पत्रा किंवा पांढरी भिंत असेल, किंवा मागच्या बाजूला दुसरा वेल्डर असेल, तर उजेड मागून शिरून काचेच्या आतल्या बाजूवर पडतो आणि प्रतिबिंब दिसतं. तिथे पडदा टांगावा किंवा जागा बदलावी.

चाळिशी लागलेला वेल्डर शेड उजळ करून बारीक दिसण्याची सोय करायला बघतो. त्याला शेड बदलून उपयोग नाही, चष्मा हवा. वाचायचा चष्मा हेल्मेटच्या आत घालता येतो किंवा हेल्मेटच्या आतल्या खोबणीत बसणारं भिंग मिळतं. ध्रुवक काचेचा गॉगल मात्र आत घालू नये, फिल्टरमध्येही ध्रुवक असल्याने काही कोनात समोरचं दिसेनासं होतं. आर्कच्या झळीने कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळाला चिकटते अशी एक जुनी अफवा आहे. ती खोटी आहे.

रोजची निगा सोपी आहे. बाहेरची प्लास्टिकची संरक्षक काच ठिणग्यांनी खडबडीत झाली की बदला. तिच्यावर थर चढला की माणूस शेड खाली आणतो आणि खापर फिल्टरवर फोडतो. सेन्सरांची भोकं मऊ कापडाने पुसा. थिनर, पेट्रोल लावू नका. संरक्षक काचेशिवाय एकदाही वेल्डिंग करू नका, कारण ठिणगी फिल्टरवर चिकटली की तो बाद. काम सुरू करण्याआधी चाचणीचं बटण असेल तर दाबून काच काळी होते ते बघा. नसेल तर हेल्मेट हातात धरून त्याचे सेन्सर उघड्या आकाशाकडे करा. तरीही खात्री नसेल तर भंगाराच्या तुकड्यावर, चेहरा वळवून आणि डोळे मिटून आर्क पेटवताना दुसऱ्याला सुरक्षित अंतरावरून त्याच्या स्वतःच्या चांगल्या हेल्मेटमधून बघू द्या. काच काळी होते एवढंच यातून कळतं. अतिनील किरण अडतात का हे वर्कशॉपमध्ये तपासता येत नाही, त्याची हमी फक्त मानकाची खूण देते. कमी बॅटरीचा दिवा लागला की त्याच दिवशी बॅटरी बदला. नुसत्या सौरपट्टीवर भरवसा ठेवू नका, बहुतेक हेल्मेटमध्ये तिच्या जोडीला बटण सेल असतोच. बहुतेक पत्रकांत फिल्टर उणे ५ ते ५५ अंशांपर्यंत काम करतो असं लिहिलेलं असतं, तेव्हा मे महिन्यात हेल्मेट उन्हातल्या बंद टेम्पोच्या काचेखाली ठेवू नका. हेल्मेट आपटलं आणि फिल्टरमध्ये तडा दिसला, की तो फेकून द्या. तड्याला चिकटपट्टी लावून चालवण्यासारखी ती वस्तू नाही.

एवढं करूनही एक डोळ्यांची जोडी राहून जाते, हेल्परची. तो अँगल धरून उभा असतो, वेल्डरपेक्षा फार तर दोन फूट लांब, आणि बहुतेक ठिकाणी त्याला सांगितलेलं असतं, "तिकडे बघ." पण अँगल सरकला की तो बघतोच. अंतर दुप्पट झालं की किरणांचा मार चौपटीने घटतो, पण धरणारा हात सोडून लांब जाऊ शकत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३५ ने अतिउजेडापासून डोळे वाचवायला पडदा किंवा गॉगल देण्याची जबाबदारी मालकाकडे टाकली होती. हेल्परला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या शाळकरी मुलांना ते कलम माहीत नसतं. रस्त्याच्या कडेला ग्रिलचं काम चालतं तिथे पत्र्याचा किंवा जाड कापडाचा आडोसा उभा करायला काहीशे रुपये लागतात.

वर्कशॉप चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी स्वतःसाठी हेल्मेट घ्यायला जाल तेव्हा दोन घ्या. दुसरं साधंच असू द्या, पण मानकाची खूण असलेलं. आणि ते हेल्परच्या डोक्यावर पट्टी जुळवून स्वतः बसवून द्या.